वन्संच्या स्थळांचे फोन

माझ्या नणंदेच्या बायोडेटावर संपर्कासाठी माझा नंबर दिला होता. सासऱ्यांना कमी ऐकू येतं, सासूबाई नाहीत, नवरा टॉवेलच्या कारखान्यात. तिथं मशीनच्या आवाजात फोन वाजलेला कळत नाही. "तुझ्या तोंडात गोडवा हाय, तूच बोल," असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. माझ्या तोंडात गोडवा आहे हा शोध या घराला त्याच दिवशी लागला. बाकी सगळे उंटावरून शेळ्या हाकायला मोकळे.

बायोडेटा समाजाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आणि तिथून कुठं कुठं गेला, देव जाणे. मोहोळहून फोन, उजनीकडून फोन, अक्कलकोटच्या एका आजोबांचा निम्म्या कानडीतून फोन. माणसं आधी आपलं नाव सांगतील तर शपथ. पहिला प्रश्न, पोरगी काळी का गोरी. एकीनं तर विचारलं, "फोटो जुना दिसतोय की, आता कशी दिसती?" मी म्हटलं, "तुमच्या मुलाचा बघू आधी, मग सांगते." गोडवा म्हणे.

नणंदेला मी वन्सं म्हणते. वयानं माझ्याहून लहान, पण सासूबाईंनी लावलेली सवय. फोन चालू असला की त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायच्या, गळ्यात शिवणाची टेप तशीच. घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. फोन ठेवला की विचारायच्या, "काय म्हणाले वैनी?" मी म्हणायचे, "माणसं चांगली होती हो, पत्रिका जुळंना म्हणाले." पत्रिका कुणी मागितलेलीच नसायची. वय ऐकलं की पलीकडचा आवाजच बदलायचा. ते मी कशाला सांगू?

मी एका खासगी दवाखान्यात बिलाच्या काउंटरवर बसते. फोन तिथंही यायचे, आणि स्थळांचेच यायचे असं नाही. लोन पाहिजे का मॅडम, हायवेला प्लॉट पाहिजे का मॅडम, तुमचं कार्ड बंद पडणार आहे मॅडम. एक दिवस समोर पेशंटचा मुलगा फाइल धरून ताटकळतोय आणि माझा फोन एकामागून एक वाजतोय. सगळ्यांसमोर साहेब बोलले. मी आधीच तापट, त्यात ते बोलणं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी फोन उघडला आणि ज्यांचे नंबर माझ्याकडे साठवलेले नाहीत ते सगळे ब्लॉक करून टाकले. काय ती शांतता. देवाशपथ सांगते, त्या वेळी वन्संचं माझ्या मनातही आलं नव्हतं.

आलं ते नंतर. एका संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि वन्सं ताटं घेत होत्या. खाली बघतच त्या म्हणाल्या, "वैनी, आजकाल फोन येईनात व्हय कुणाचे?"

तव्यावरची भाकरी उलटायची तशीच राहिली. मुलाकडच्यांचे नंबर माझ्याकडे कुठून साठवलेले असणार? ते सगळे अनोळखीच की. मी म्हणाले, "न्हाई ओ, कुणाचाच न्हाई."

म्हटलं तर ब्लॉक काढणं एका बोटाचं काम होतं. ते मी केलं नाही.

का केलं नाही, तेही सांगते. आता लपवून काय उपयोग. तेव्हाच मला सकाळची पाळी लागली होती. लेक उठायच्या आत मी घराबाहेर. तिच्या वेण्या, तिचा डबा, तिला शाळेत सोडणं, तिचे पाढे, सगळं वन्संकडे. लेक आधी आत्याला हाक मारायची, मग मला. वन्सं सासरी गेल्या तर मला नोकरी सोडावी लागणार, हे लख्ख दिसत होतं. मी स्वतःला समजावलं, लेकीची परीक्षा होऊ दे, मग चालू करू. परीक्षा झाली. म्हटलं, शाळा सुरू होऊ दे. शाळाही सुरू झाली. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की राहूनच गेलं बघा. राहून गेलं नव्हतं. रोज आठवत होतं आणि रोज मी ते ढकलत होते.

वन्सं विचारायच्या थांबल्या. मग कुणाच्या हळदी-कुंकवाला, कुणाच्या लग्नाला जायच्याही थांबल्या. एकदा जेवताना भावाला म्हणाल्या, "दादा, बायोडेटात लिव्ह, बिजवर बी चालंल."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी आमटीत भाकरी कुस्करत राहिले.

बिजवर स्थळ नात्यातूनच आलं, वेळापूरचं. पहिली बायको आजारानं गेलेली, मुलगा चौथीत. माणूस वाईट नाही, कमी बोलतो, वन्संशी बोलताना खाली बघतो. त्या लगेच हो म्हणाल्या, विचार करते असंसुद्धा म्हणाल्या नाहीत. सुपारी फुटली आणि त्या दिवशी मी फोनमधलं ब्लॉक काढलं. बैल गेला अन् झोपा केला.

दोनच दिवसांत मोहोळहून एका बाईंचा फोन आला. आवाज मऊ होता. म्हणाल्या, "ताई, मागं लई येळा लावला, लागलाच न्हाय. आमचा थोरला मास्तर हाय. तुमच्या पोरीचा फोटो त्याला लई आवडलाय, वयाचं आमाला काय न्हाय. अजून जमलं नसंल तर बघाया यावं म्हणतो."

मी म्हटलं, "जमलं हो, परवाच." त्या म्हणाल्या, "बरं झालं, सुखी ऱ्हावं पोरीनं." काउंटरवर बसून मला रडू आलं. समोरच्या बाईला वाटलं बिलात काही चुकलं.

तेव्हापासून चोराच्या मनात चांदणं. वन्संनी नुसतं 'वैनी' म्हटलं तरी मी काहीतरी काम काढून तिथून उठायचे. सांगून टाकायचं ठरवलं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्या बॅग भरत होत्या, मी साड्यांच्या घड्या करून देत होते. म्हटलं, आता सांगायचं. तोंड उघडणार तेवढ्यात त्याच बोलल्या.

"वैनी, एक विचारू? तुमी अनोळखी फोन बंद केलते न्हवं?"

घडी घातलेली साडी मी परत उलगडली.

"आपल्या पोरीला ताप आलता त्या दिवशी. माजा मोबाइल बंद पडला म्हणून शेजारच्या काकूंच्या फोनवरनं लावला, लागंना. मग काकूंनीच सांगितलं, असं बंद करता येतं म्हणून. तवाच मला कळलं."

"मग बोलला नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलू? ते लोक वयावरनं काय काय बोलत असतील, मला काय कळत न्हाय व्हय? तुमी एकट्याच ऐकून घ्यायचा आन् मला पत्रिकेचं सांगायचा. मला आणिक तसलं ऐकाय लागू नये म्हणून बंद केलं न्हवं तुमी?" त्यांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरले होते. "माज्या आईनंबी येवढं केलं नसतं."

मी म्हणाले, "व्हय, त्यासाठीच केलं."