पुसलेली हळद

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आमच्या स्टुडिओतल्या मावशींचे आहेत. पनवेलच्या बाजारातल्या त्या फोटो स्टुडिओत त्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने चेहरे साफ करायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. मी तिथे नोकरी करत बी.ए. करत होतो आणि परीक्षेच्या दिवसांत माझं कामही मावशीच उरकायच्या. निकाल लागल्यापासून त्यांची हाक बदलली. "या पदवीधर, आज कोणाचे डोळे वाकडे केलेत?"

मावशी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. पुढे त्या मुलाकडे इस्रायलला कायमच्या गेल्या. जाताना म्हणाल्या, "गालाचा रंग बदलण्याआधी त्याच माणसाचे हात बघ. हाताला कोण पावडर लावतो?"

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस स्टुडिओत कॉम्प्युटर आणि स्कॅनर आले. फोटो स्कॅन करायचा, चेहऱ्याभोवती रेघ ओढायची आणि तेवढ्याच भागाचा रंग सुधारायचा, हे काम माझ्याकडे आलं. जुने रंगीत फोटो पिवळट पडलेले असत. पिवळा उतरवला की माणूस ताजातवाना दिसायचा. गिऱ्हाइकं खूश होत आणि मीही.

एकदा जवळच्या विचुंबे गावची एक बाई आईचा फोटो घेऊन आली. "आयचा येवढा एकच फोटो हाय, दादा. वर्षश्राद्धाला मोठा करून लावायचाय."

ओल लागून फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला होता. मी काचेसकट स्कॅन केला. मग आणखी स्वच्छ स्कॅन मिळावा म्हणून फोटो सोडवायला गेलो, तर चेहऱ्यावरचा पापुद्रा काचेलाच राहिला. नशिबाने पहिला स्कॅन होता. त्यावर काम केलं. गाल फारच पिवळे होते, ते छान गव्हाळ केले आणि त्याच नावाने सेव्ह केलं. डिस्कवर जागा कमी, म्हणून दोन प्रती ठेवायची सवयच नव्हती.

बाई आली. पडद्याकडे बघत राहिली.

"हळद कुठं गेली?"

"कसली हळद, ताई?"

"माझ्या हळदीतला फोटो हाय ह्यो. मीच लावली होती आयला. हात बघा की, हात पिवळेच हायत."

हात खरंच पिवळे होते. मांडीवर, अगदी समोर. आमच्याकडच्या हळदीत बायका एकमेकींना कशा माखतात, हे मी लहानपणापासून बघत आलो होतो. तरी मला तो जुन्या कागदाचा डाग वाटला. मूळ फोटोत चेहरा उरला नव्हता, आणि संगणकात होता तो मी धुतलेला.

मी तिला सगळं खरं सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. "मंग परत लावा. मी सांगते."

हातावरचा पिवळा उचलून मी गालावर हलका हलका चढवू लागलो.

"डाव्या गालावर जास्त. कानापर्यंत. येवढी नाय, भिंत रंगवताय का?"

मी कमी केली.

"नाकावर एक बोट. त्यावरनं वरडली होती मला."

नाकावर एक बोट उमटलं. ती पदर तोंडाला लावून हसली. "आता छापा," म्हणाली.

त्याच आठवड्यात मी मावशींना हे पत्र टाकलं:

"मावशी, तुमच्या पदवीधराने हात बघितले नाहीत. एका बाईंच्या आईच्या गालावरची हळद मी डाग समजून पुसली. ती परत लावली, पण ती आता त्या दिवसाची नाही. लेकीला आठवली तेवढी आणि माझ्या हाताला जमली तेवढी आहे. त्यांनी फोटो नेला, मला चहाही पाजला, तरी मला ते सलतं आहे. आता मी आधी हात बघतो, आणि फोटो कुठला, कधीचा, हेही विचारतो. मूळ स्कॅन वेगळा ठेवतो. तुमचा तिकडचा एक फोटो पाठवा. उन्हाने रापला असाल तरी रंगाला हात लावणार नाही."