लाल खडूची बाजू

भालकी तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हे सांगताना छाती अजूनही थोडी फुगते आणि लगेच लाज वाटते. ही लाज पूर्वी नव्हती. ती एका मुलीमुळे आली, आणि ती मुलगी माझ्यावर रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, भांडण मला चांगलं जमतं.

दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात सारख्या दिसणाऱ्या शब्दांवर चार मार्कांचा प्रश्न हमखास असायचा. दिसायला जुळी भावंडं, अर्थाला एकमेकांशी देणंघेणं नाही. पोरं तिथं हटकून गडबडायची. मग मी माझी युक्ती काढली. आमच्याकडची पोरं घरात मराठी बोलतात, दारात कन्नड, आणि बाजारात गेली की दखनी. म्हटलं, याचाच फायदा घेऊ. फळ्याच्या मधोमध रेघ मारायची. जोडीतल्या एका शब्दाचा अर्थ डावीकडे पांढऱ्या खडूनं मराठीत, दुसऱ्याचा उजवीकडे लाल खडूनं कन्नडमध्ये. 'लूझ' म्हणजे हरवणं, तो डावीकडे. 'लूज' म्हणजे ढिलं, कन्नडमधलं सडिल, तो उजवीकडे. 'क्वाइट' म्हणजे बऱ्यापैकी. 'क्वाएट' म्हणजे गप, सुम्ने. असे दोन भाषांच्या दोन खोल्यांत ठेवले की शब्द पुन्हा एकमेकांत मिसळत नसत. पोरं वहीचं पान उभं दुमडून आणायची. चारपैकी चार मार्क पडायचे. शेजारच्या शाळांतले मास्तर माझ्या वर्गाच्या वह्या मागून न्यायचे, आणि मी भाव खाऊन द्यायचो.

एक गोष्ट मात्र मी कुणाला कळू दिली नाही. मला स्वतःला इंग्रजी बोलता येत नव्हतं. वाचता यायचं, लिहिताही यायचं, पण तोंडानं सलग चार वाक्यं म्हणायची तर घाम फुटायचा. त्यामुळं माझा इंग्रजीचा तास अथपासून इतिपर्यंत मराठीत चालायचा, अधूनमधून कन्नडमध्ये. याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार करायला दुसरं इंग्रजी ऐकलेलं होतं कुणी?

ती मुलगी माझ्या सगळ्या वर्षांतली सर्वांत हुशार. वडलांचं गावात शिलाईचं दुकान, आई कन्नड घरातली. त्यामुळं लाल खडूची बाजू तिला माझ्यापेक्षा लवकर उमगायची. एकदा तर तिनं माझाच कन्नड शब्द दुरुस्त केला. मी वर्गापुढं तिला झापलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप तिचा शब्द फळ्यावर लिहिला. तिला औषधाचं दुकान काढायचं होतं. डॉक्टरची चिठ्ठी कुणालाच वाचता येत नाही आणि दुकानदार ती एका नजरेत वाचतो, याचं तिला फार अप्रूप होतं.

दहावीला इंग्रजीत ती तालुक्यात वरच्या मुलांत आली. वडलांचं म्हणणं, भालकीतच आर्ट्सला घालू, रोज घरी येईल. मी हटून बसलो. बीदरला सायन्सला घाला म्हटलं, सगळं इंग्रजीतून असतं, पण हिला कसली भीती? त्यांनी शिलाईमशीन थांबवली.

"सर, तुमच्या भरवशावर पाठवायलाव बघा," ते म्हणाले. "पण एकदाच. नापास होऊन आली तर परत न्हाई पाठवणार. मग तिचं लगीनच."

"तिची जबाबदारी माझी," मी म्हणालो. किती सहज म्हणालो.

दिवाळीला ती गावी आली, पण मला भेटायला आली नाही. मला राग आला. शहरात गेली, मास्तरला विसरली, असं बायकोजवळ बडबडलो. संक्रांतीलाही आली नाही. तिळगूळ तिच्या धाकट्या बहिणीनं आणून दिला, तो मी नीट घेतलाही नाही. आज ते आठवलं की स्वतःचाच संताप येतो. मी मानपान मोजत होतो, आणि ती तिकडं बुडत होती.

उन्हाळ्यात निकाल लागला. ती सगळ्या विषयांत नापास झाली होती. इंग्रजीतसुद्धा.

मी तावातावानंच तिच्या घरी गेलो. वडील मशीनवर होते. त्यांनी मानेनंच आत जायची खूण केली. ती भिंतीला टेकून बसली होती. चेहरा एवढासा झालेला.

"कामून असं झालं?" मी विचारलं.

ती उठली आणि जीवशास्त्राची वही आणून माझ्या हातात दिली. मी पान उलटलं. पान उभं दुमडलेलं, मधोमध रेघ. डावीकडं वरती एक इंग्रजी शब्द, त्याचा मराठी अर्थ. मग खाली सगळं कोरं. पुढच्या पानावर उजवीकडं एक शब्द, लाल शाईत त्याचा कन्नड अर्थ. बाकी कोरं. अख्खी वही तशीच. तासाला प्राध्यापक जे बोलायचे त्यातून तिला मी शिकवलेला एखादा शब्द ओळखू यायचा, तेवढा ती लिहून घ्यायची आणि पुढचा ओळखीचा शब्द येईपर्यंत थांबायची. मधलं सगळं निघून जायचं. अक्षर फार सुंदर होतं. एकाही शब्दाचा अर्थ चुकलेला नव्हता.

मी तिच्यासमोर खाली बसलो.

"मग विचारायचं न्हाई का गं त्यांना?" मी म्हणालो.

"कसं विचारायचं, सर?" ती म्हणाली. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. "'समजलं न्हाई, परत सांगा', हे इंग्रजीत कसं म्हणायचं? वर्षभर आठवायलेय. आपल्या वहीत कुठंच न्हाई."

खरंच नव्हतं. सत्तावीस वर्षांत माझ्या वर्गात हे वाक्य कुणाला लागलंच नव्हतं, कारण माझ्या वर्गात सगळ्यांना सगळं समजायचं. त्याचाच तर मला गर्व होता. मी खिशातलं पेन काढलं. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते वाक्य लिहिलं आणि हाताच्या सवयीनं त्याखाली उभी रेघ मारून डावीकडं त्याचा मराठी अर्थ लिहायला लागलो. अर्धा लिहिल्यावर माझं माझ्याच लक्षात आलं आणि हात थांबला.

तिनं वाक्य दोनदा वाचलं. ओठ हलवून, हळू. माझ्यापेक्षा चांगलं वाचलं.

बाहेर मशीन थांबली. वडील दारात येऊन म्हणाले, "सर, च्या घेऊनच जावा. ऐतवारी उदगीरची माणसं यायलीत हिला बघायला. तुम्हीपण बसा त्यांच्यासंगं. मुलगी शिकलेली हाय म्हणून तुम्ही सांगितलं तर पटंल त्यांना."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो? ते पुन्हा मशीनकडं गेले. मुलगी अजून त्या पानाकडंच बघत होती.

"सर," ती म्हणाली, "हे मी म्हटलं असतं, तरी तिथल्या सरांनी परत इंग्रजीतच सांगितलं असतं, न्हवं का?"

"व्हय," मी म्हणालो.