मागणारं झाड, न मागणारं झाड

आमच्या घरात ऊन येत नाही हे आधीच सांगून टाकते, म्हणजे झाडं बाहेर का ठेवली नाहीत असं पुढे कुणी विचारायला नको. पाटोद्यातलं आमचं घर पूर्वी चांगलं उजेडाचं होतं. मग शेजाऱ्यांनी दुकानांचे तीन मजले चढवले आणि आमचं अंगण आणि पुढची खोली त्यांच्या भिंतीआड गेली. त्या खोलीत मी ब्लाउज शिवते. भर दुपारी मशीनवरचा दिवा लावावा लागतो. अंगणातली तुळस वाळली, दुसरी लावली, तीही वाळली. तिसरी लावायची हिंमत झाली नाही, कारण वाळकी तुळस दिसली की माप द्यायला आलेली प्रत्येक बाई आधी घरात सगळं ठीक आहे ना ते विचारते आणि मग ब्लाउजाचं बोलते.

शेवटी मी बीड रस्त्यावरच्या नर्सरीत गेले आणि सावलीत जगेल असं काहीतरी द्या म्हणाले. नर्सरीवाल्याने दोन कुंड्या पुढे केल्या. एक अग्लोनिमा, एक कॅलेथिया. "दोन्ही सावलीतले, दोन्ही शोचे," तो म्हणाला. आमच्याकडे शोचं झाड म्हणजे ज्याच्या फुलाचं कौतुक नाही, ज्याला फळ नाही, ज्याची भाजी होत नाही, नुसती पानं बघायची. काही बायका असल्या झाडाला नाक मुरडतात. मी पाठीवर लटकन लावलेले ब्लाउज शिवून पोट भरते, मला शोचं वावडं कशाला असेल?

दोन्ही कुंड्या मशीनशेजारच्या कट्ट्यावर ठेवल्या आणि मी शिवता शिवता मान वर करून त्यांच्याकडे बघत राहायची. अग्लोनिमाचं पान जाड, लांबट, हिरव्यावर चंदेरी शिंतोडे उडवलेलं. कॅलेथियाचं पान पातळ, वरून गडद हिरव्या पट्ट्या, आणि उलटं करून बघावं तर खालून वांग्याच्या रंगाचं. मला ते काही केल्या कळेना. इतका देखणा रंग कुणी अस्तराला वापरतं का? शिवाय संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला त्याची पसरलेली पानं एकेक करून उभी राहायची आणि तो झाकलेला रंग बाहेर यायचा. नर्सरीवाल्याला विचारलं तर म्हणाला, ते झोपतं. एवढ्याने काही माझं समाधान झालं नाही.

दिवाळी झाली आणि आई आली. आली म्हणजे भावाने आणून सोडली. भाऊ आणि भावजय दरवर्षी ऊसतोडीला जातात, आई गावाकडे घर आणि शेळ्या सांभाळते. या वर्षी तिचा गुडघा गेला. एकटीला ठेवायची सोय राहिली नाही, म्हणून शेळ्या चुलत्याकडे गेल्या आणि आई माझ्याकडे.

आमच्यात आईबापांनी लेकीच्या घरी राहणं बरं समजत नाहीत. जुनी माणसं तर लेकीच्या घरचं पाणीही पीत नसत. आई तेवढी कडक नव्हती. जेवायची, झोपायची, पण सगळं पाहुणीसारखं. मी कपाटातला एक कप्पा तिच्यासाठी मोकळा केला होता, तो मोकळाच राहिला. तिची पिशवी खुंटीला. लुगडं वाळलं की त्याची घडी पिशवीत जायची. मला ती कायमची हवी होती. आमच्या यांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. मी त्यांना विचारलं होतं आणि त्यांनी लगेच हो म्हटलं होतं. आईला मात्र विचारायची सोय नव्हती, कारण आल्या आल्या तिने सांगून टाकलं होतं, "पट्टा पडंपतूर हाय मी." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. भाऊ परत आला की ती जाणार, विषय संपला.

एका सांजेला ती कट्ट्यापाशी थांबली.

"अगं, हे बघ की. ह्यानं पानं उभी केली."

"झोपतंय ते, माय. रोजच करतंय तसं."

"झोपतंय कशाचं. पानी मागतंय."

आईचं सगळं आयुष्य कोरडवाहू रानात गेलं. तिच्या रानात पान मिटायला एकच कारण असतं. पाऊस ओढ देतो, ज्वारी पानांची सुरळी करते आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा असलेला माणूस म्हणतो, मागायला लागली. पान दुसऱ्या कशासाठी मिटतं हे तिने कधी बघितलंच नव्हतं.

"पर ज्वारी दुपारच्याला सुरळी करती आन सांजंला मोकळी व्हती," मी म्हणाले. "ह्याचं उलटं हाय."

आई विचारात पडली. मग म्हणाली, "घरातलं हाय ना. ह्याला सांजंला तहान लागत आसल."

मी असल्या गोष्टी सोडून देणाऱ्यातली नाही. कापडावर आखायचा खडू घेतला आणि कुंडीमागच्या भिंतीवर एका पानाच्या टोकापाशी सकाळी रेघ मारली. संध्याकाळी दुसरी. दोन्हींत चांगलं वीतभर अंतर निघालं. मग आईने डोकं लावलं, म्हणाली दुपारीच अंधार करून बघ. यांच्या दुकानातलं पुठ्ठ्याचं खोकं आणून कुंडीवर उपडं घातलं. तासाभराने उचललं तर पानं होती तशी पसरलेली. आणि दिवेलागणीला, कुणी काही न करता, आपल्या वेळेवर उभी. म्हणजे त्याला अंधार कळत नव्हता, वेळ कळत होती. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. पान जिथे देठाला जोडलेलं असतं तिथे एक फुगीर गाठ असते, तिथूनच ते वाकतं, हेही त्याच दिवशी सापडलं. आईने ती गाठ बोटाने हळूच दाबून बघितली.

"ह्याचा गुडघा माझ्यापेक्षा बरा हाय," ती म्हणाली.

त्या दिवसांत मला लई बरं वाटत होतं. आईला माझ्या घरात काहीतरी बघण्यासारखं मिळालं होतं. सकाळी उठली की ती आधी कॅलेथियाकडे जायची. बोअरच्या पाण्याने त्याच्या पानांची टोकं करपतात म्हणून मी त्याला प्यायच्या जारमधलं पाणी घालते, हे कळल्यावर तर ती हसायलाच लागली. "गावाकडं आपून बोरचं प्यावं आन ह्याला जारचं? जावईच हाय जनू." अग्लोनिमाकडे ती फिरकत नसे. "हे काय करतं?" तिने एकदा विचारलं होतं. मी म्हणाले, काही करत नाही, नुसतं असतं. तिने मान हलवली आणि पुन्हा जावयाकडे वळली.

थंडी पडली आणि कॅलेथियाचं एक पान पिवळं झालं. मग दुसरं. मला वाटलं थंडीने असेल. मग एका सकाळी सगळं झाडच कुंडीच्या काठावर लोळलेलं दिसलं. मी कुंडी उपडी केली तर गटारीसारखा वास आला आणि मुळं काळी, बोटाने दाबली की सालपट हातात येणारी.

आई दारात उभी होती. तिचा चेहरा उतरला. "मी रोज सांजंला तांब्याभर घालत व्हते," ती म्हणाली. "मागत व्हतं म्हनून."

सकाळी मी घालत होते, संध्याकाळी ती. दोघींनी मिळून त्याला बुडवलं होतं. मी काही बोलायच्या आत तिने खुंटीवरची पिशवी काढली.

"माझ्या हातनं तुझं झाड गेलं. मला गावाकडं नेऊन सोड."

"घराला कुलूप हाय. तिथं कोन हाय तुला बघायला?"

"मी बघीन माझं."

मला संताप आला. झाडाचं दुःख कुठल्या कुठे गेलं. कारण त्याच दिवशी सकाळी तिचं अंथरूण काढताना उशीखाली गुडघ्याच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं होतं. मोरीच्या दोन पायऱ्या ती भिंतीला धरून का चढते ते मला तेव्हा कळलं होतं.

"गोळ्या कधी संपल्या तुझ्या?"

ती पिशवीचा बंद आवळत राहिली.

"सांगितलं कावून न्हाई?"

"लेकीच्या घरी मानसानं काय काय मागावं, बाई."

मी रागारागाने कट्टा पुसायला घेतला, मातीने भरला होता. अग्लोनिमाची कुंडी बाजूला करायला उचलली आणि ती रिकाम्या डब्यासारखी हलकी लागली. तेव्हा कुठे मी त्याच्याकडे नीट बघितलं. पानं खाली लोंबत होती. माती कुंडीच्या कडेपासून सुटली होती, इतकी की फटीत बोट जावं. रोज सकाळी जारचं पाणी कॅलेथियाला घालताना मीही त्याला विसरत आले होते. आईला वाटत होतं त्याला काही लागत नाही.

आईने पिशवी खाली ठेवली आणि जवळ आली. फटीत बोट घालून बघितलं.

"आगं, हे मरायला लागलंय. आन पान मिटलं न्हाई, काय न्हाई. इतकं वाळंपतूर गप कावून बसलं?"

"तुझ्यासारखंच हाय ते," मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. वाईट वाटलं, पण मागे घ्यावंसं वाटलं नाही. आईने फटीतलं बोट काढलं. मग खाली बसली, गुडघा सांभाळत, आणि म्हणाली, "बादली आन."

अग्लोनिमा आम्ही कुंडीसकट बादलीत बसवलं. मातीतून बुडबुडे यायला लागले, ते थांबेपर्यंत दोघी बघत होतो. कॅलेथियाची सडकी मुळं मी कात्रीने कापत गेले. काही उरेल असं वाटत नव्हतं, पण एका फुटव्याला दोन पांढरी मुळं निघाली. आईने तो फुटवा कोरड्या मातीत रोवला आणि हात धुऊन म्हणाली, "आता बोट घालून बघायचं. माती सांगंल तसं." दुसऱ्या दिवशी सकाळी अग्लोनिमा असं ताठ उभं होतं की त्याला काही झालं होतं हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. मला त्याचा रागच आला. इतकं सहन करून वर इतकं पटकन बरं व्हायचं, मग घरच्यांना कळायचं तरी कसं?

गोळ्या मी आणल्या, आईने घेतल्या. पिशवी पुन्हा खुंटीला गेली. त्यावर आम्ही बोललो नाही. कॅलेथियाच्या फुटव्याने जीव धरला, आणि त्याची संध्याकाळ मात्र आम्ही चुकवली नाही. ते का मिटतं हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. आईचं म्हणणं, काही मागायला मिटत नसेल तर आपल्या मनानेच मिटत असेल.

ऊन तापायला लागलं आणि भावाचा फोन आला. पट्टा पडला होता. आठवड्याभरात येतो, आईला न्यायला. मी फोन आईच्या कानाला लावला. ती "हूं, हूं" करत राहिली, भावजयीची तब्येत विचारली, आणि फोन माझ्या हातात दिला. मी मशीनवर बसले. बाही जोडायला घेतली आणि उलटी जोडली. महिनाभर मी मनात बोलणं जुळवत होते, गुडघ्याचं, डॉक्टरचं, गावाकडच्या पायऱ्यांचं, आणि आता एकही शब्द सुचत नव्हता.

आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. उभं राहायला तिला त्रास होतो, तरी बसली नाही.

"मी हितंच राहिले तर चालंल का?" तिने विचारलं.

मला रडू आलं. मी नुसती मान डोलावली. पायाखालचं पायडल तेवढं थांबलं.

"जावईबापूला इचार आधी," ती म्हणाली. मी म्हणाले, त्यांना दिवाळीलाच विचारलंय. तेव्हा ती बसली. पदराने तोंड पुसलं, इकडे तिकडे बघितलं, आणि मग जरा दबकत म्हणाली, "तसं आसल तर अजून एक सांगू का? माझ्या चहात साखर जरा वाढवत जा. लई अगोड करतीस."

दिवाळीपासून ती तसाच चहा पीत आली होती, आणि मी माहेरच्या बायकांना फोनवर सांगायची की आईला माझ्या हातचा चहा फार आवडतो.