गुणवंतरावांची आई

"सोबतचा मानूस बोलता बोलता अडला, तं त्याले पडू देऊ नोका," असं नंदिनी नेहमी म्हणायची.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकात तालमी थोड्याच. रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसलेला प्रॉम्प्टर वाक्य सांगतो, नट ते उचलतो. पण गुणवंतराव खड्ड्याकडे पाहत नसत. नायकानं मान खाली घालू नये, हा त्यांचा तोरा. मग पदराआडून नंदिनी त्यांचे पुढचे दोन शब्द पुटपुटायची आणि गुणवंतराव गरजायचे. टाळ्या त्यांना पडायच्या. अठरा हंगाम ती त्यांची नायिका होती.

तिला चाळिसावं लागलं आणि नाटक मंडळांचं बोलावणं बंद झालं. गुणवंतराव त्रेपन्नाचे, त्यांचं बंद झालं नाही. अशात मूल शहराजवळच्या एका गावात मुंबईच्या लोकांचं चित्रपटाचं काम निघालं. दोघांनाही घेतलं. त्यांना नायक म्हणून, तिला नायकाची आई म्हणून. नंदिनी हो म्हणाली. हेही गेलं, तर तोंडाला रंग लावायचे दिवस संपले, हे तिला कळत होतं.

रंगभूषा करणाऱ्या चंद्रपूरच्या शाजियालाही ते कळत होतं. तिनं सकाळी आधी गुणवंतरावांचे केस काळे केले, मग नंदिनीच्या केसांत पांढरी पावडर चोळली.

"एकाच सकाळी त्याईले वीस वर्सं खाली आनलं अन् मले पंचवीस वर्सं वर चढवलं," नंदिनी म्हणाली. "लय जादू हाये व तुह्या डब्यात."

"ताई, मले जसं सांगतलं तसं करून राह्यली मी," शाजिया म्हणाली. तिचे हात मात्र मंद झाले.

कुडाच्या घराचं आवार, चैत्राचं ऊन. माइकमुळे पंखे बंद. आई खाटेवर पडलेली आणि लेक तळं वाचवायची शपथ घेतो, असा प्रसंग. तिसऱ्या वाक्याला गुणवंतराव अडले. नंदिनीच्या ओठांतून शब्द आपसूक निघाले.

साउंडवाल्यानं हात वर केला. "बाईंचा आवाज येतोय."

"मावशी, तुम्हाला इथे वाक्य नाही," दिग्दर्शक म्हणाला. "तुम्ही फक्त रडा."

पुन्हा घेतलं. ते पुन्हा अडले, ती पुन्हा पुटपुटली. सवय अठरा हंगामांची.

"यांना गप्प राहता येत नाही का?" दिग्दर्शकानं विचारलं.

नंदिनीनं गुणवंतरावांकडे पाहिलं. ती कुणासाठी पुटपुटते, हे एका वाक्यात ते सांगू शकले असते. त्यांनी कपाळ पुसलं आणि ते हसले. "बाईमानूस हाये, साहेब. तोंड चालतेच."

आवारातले सगळे हसले. शाजियाही हसली असती, पण तिनं नंदिनीचा चेहरा पाहिला.

त्यानंतर नंदिनीनं ओठ मिटले. गुणवंतराव तिसऱ्या वाक्याला थांबले, तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती कुडाच्या भिंतीकडे बघत होती. असं सात वेळा झालं. कुणी त्यांना पाणी दिलं, कुणी छत्री धरली. "दादा, घाई नाही," दिग्दर्शक मऊ आवाजात म्हणाला. मग सहायकाकडे वळला, "बाईंमुळे दादांचं लक्ष उडतंय. आई मेलेलीच दाखवू. भिंतीवर फोटो, फोटोला हार. मावशी, इकडे बसा, फोटो काढून घेऊ."

नंदिनी खाटेवरून उठली. लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या.

"माहा फोटो काढू नोका," ती शांतपणे म्हणाली. "जित्ती हावो मी."

"नंदाबाई, असं काऊन करता?" गुणवंतराव खुर्चीतूनच म्हणाले. "काम हाये ना. बसा."

"तुमी बोला ना, भाऊ. आता मंधात बोलाले कोनी नाई."

ती आवाराबाहेर पडली. शेताच्या धुऱ्यावरून, कापलेल्या धानाच्या बांधीतून, पांढऱ्या केसांनिशी डांबरी सडकेकडे चालू लागली. तिला कुणी हाक मारली नाही. दिग्दर्शक कॅमेऱ्याची जागा बदलत होता.

शाजिया गुणवंतरावांच्या तोंडाचा घाम टिपायला आली होती. तिच्या एका हातात आरसा होता. नंदिनीची पाठ त्या आरशात लहान लहान होत गेली. गुणवंतराव आरशातच बघत होते. मागे वळले नाहीत. सडकेवर एस.टी. थांबली आणि निघून गेली, तरी शाजियानं आरसा हलवला नाही.