लेना आजारी पडली तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. एवढं काय मोठं त्यात, असं मी स्वतःला समजावत आले — पण मोठं नव्हतं, तर मग मौद्याची बस दिसली की मी मान का वळवते?

मी नागपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवते. शनिवारी शाळा सुटल्यावर नववी-दहावीच्या मुलांचं एक मंडळ चालवते. जगाची ओळख व्हावी म्हणून. परदेशातल्या शाळांशी व्हिडिओवर गप्पा होतात, तिकडची मुलं इथे येतात, आपली तिकडे जातात. माणसाला भेटण्याआधी त्याच्याबद्दल मत बनवू नका — हे मी मुलांना नेहमी सांगते. चांगलं सांगते, असं पालक म्हणतात.

त्या वर्षी मंडळात प्रणाली होती. मौद्याजवळच्या खेड्यातून रोज बसने यायची. आईवडील शेती करायचे. इंग्रजी अडखळत बोलायची, पण जर्मनीतल्या मुलांशी पहिल्यांदा बोलणं झालं तेव्हा बाकीचे फुटबॉल आणि सिनेमे विचारत होते, आणि हिने विचारलं — तुमच्या गावाजवळचं वीज केंद्र बंद होणार म्हणता, मग तिथे काम करणारी माणसं कुठे जातील? आमच्याकडेही मोठं वीज केंद्र आहे, राख अंगणातल्या तुळशीवर बसते, पण गावातल्या कित्येक घरांची चूलही त्यावरच पेटते. पलीकडची लेना नावाची मुलगी खुर्ची पुढे ओढून बसली. त्या दिवसापासून दोघी मैत्रिणी झाल्या.

लेना फेब्रुवारीत नागपूरला आली. राहायला माझ्याच घरी. पण तिला प्रणालीचं गाव बघायचं होतं. मी एक दिवस एक रात्र पाठवायचं कबूल केलं. पाणी उकळलेलं किंवा बाटलीचं, रस्त्यावरचं काही नाही, बर्फ तर मुळीच नाही — हे नियम मीच केले होते, पाहुणी मुलं ठेवून घेणाऱ्या सगळ्या घरांना मीच बजावले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला आणायला गेले. प्रणालीची आई, शोभाताई, दारात उभी. नवं लुगडं, सारवलेलं अंगण. लेना तिच्या गळ्यात पडली, आणि शोभाताई आधी बावरली, मग तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला — खरं सांगू? — मला थोडं लागलं. इतके दिवस माझ्या घरी राहून ही मुलगी माझ्या गळ्यात पडली नव्हती.

परतताना भंडारा रोडवर एक रसवंती दिसली. लेना म्हणाली, थांबू या का? मी नाही म्हणाले. मग तिचा चेहरा पाहिला, आणि गाडी बाजूला घेतली. का घेतली? तिला मी आवडावी म्हणून. एवढंच. बर्फ घातलेला उसाचा रस तिने दोन ग्लास घेतला. मीही घेतला. गाडीत बसताना मी हसत म्हणाले, हे आपल्या दोघींतच हं. ती पण हसली.

सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, दुपारपर्यंत ताप. धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती करावं लागलं. आमच्या मुख्याध्यापिका धावत आल्या. डॉक्टरांनी विचारलं, बाहेरचं काही खाल्लं-प्यायलं का हिने?

लेना सलाईन लावून पडली होती. जागी होती. माझ्याकडे बघत होती.

मी म्हणाले, नाही. फक्त त्या मुलीच्या घरी जेवली. खेड्यात.

खेड्यात — हा शब्द कुणी विचारला नव्हता. तो मी जोडला. आणि तो जोडताच खोलीतले सगळे प्रश्न मिटले. डॉक्टरांनी मान हलवली, मुख्याध्यापिकांनी सुस्कारा सोडला. कुणालाच नवल वाटलं नाही. मला ते माहीत होतं. नवल वाटणार नाही, हे माहीत होतं म्हणूनच मी बोलले ना?

रसानेच झालं असेल असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्या क्षणी मला तसंच वाटलं होतं, आणि मी दुसरं बोलले.

संध्याकाळी शोभाताई आली. प्रणालीला घेऊन, बस बदलून. हातात मऊ भाताचा डबा. मुख्याध्यापिकांनी दारातच थांबवलं — नम्रपणे, पण थांबवलं. डबा आत गेला नाही. शोभाताई माझ्याकडे वळली.

"म्याडम, पानी तं म्या उकळूनच देल्लं होतं. भांडे बी घासून ऊनात ठेवले होते. काय चुकलं असंन माह्यं?"

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नका. किती समजूतदार वाटत असेन मी तेव्हा. म्हणजे तिला माफ करण्याचं कामही मीच केलं.

लेना तीन-चार दिवसांत बरी झाली. पण तेव्हापासून पाहुण्या मुलांना खेड्यात ठेवायचं बंद झालं. मेमध्ये आमची मुलं जर्मनीला जायची होती, त्यात प्रणाली होती. एका शनिवारी ती येऊन म्हणाली, "म्याडम, मी नाही जात. आई म्हणते, त्यांच्या लेकराले आपल्या घरून दवाखान्यात जावं लागलं, आता त्यांच्याच घरी कोन्त्या तोंडानं राहशीन?"

ती माझ्यासमोर उभी होती. वर्गात आम्ही दोघीच. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, नीट विचार कर, बाळा. तिने म्हटलं, केला. तिच्या जागी दुसरी मुलगी गेली.

मी मात्र गेले. सोबतची शिक्षिका म्हणून. लेनाच्या घरी जेवायला बसलो असताना तिने विचारलं, प्रणाली का नाही आली? मी म्हणाले, घरची काही अडचण आहे. लेनाने काटा खाली ठेवला. सोळा वर्षांची मुलगी — तिला सगळं कळलं असावं. हे आपल्या दोघींतच, असं मीच तिला सांगितलं होतं, आणि तिने ते पाळलं होतं. त्यानंतर ती माझ्याशी फक्त विचारलं तेवढंच बोलली.

प्रणाली पुढे शिकली. हिंगण्याला एका कंपनीत लागली. तिचं बरं चाललंय, असं मी लोकांना सांगते, जणू त्यात माझा हात आहे. मागच्या वर्षी तिने लग्नाला बोलावलं. आग्रह करून, घरी येऊन. मी गेले.

अंगणात मांडव होता. पंगतीत शोभाताई स्वतः वाढत होती. सगळ्यांच्या पानात न विचारता घालत होती, कुणी नको म्हटलं तरी घालत होती. माझ्यापाशी आली आणि थांबली. वरणाचा डाव हातात तसाच धरून तिने हळूच विचारलं, शेजारच्या बाईला ऐकू जाणार नाही असं —

"म्याडम, तुम्हाले चालंन ना आमच्या घरचं?"

मी म्हणाले, चालेल ना.

तिने वाढलं. अगदी थोडं. मग पुढच्या पानाकडे गेली. मी जेवले, हात धुतले, प्रणालीला आशीर्वाद दिला आणि घरी आले.