टीसी एकच असते

झेरॉक्सच्या दुकानातला गरम कागदाचा वास आला, की मले भाचीच्या एमएचा तो पावसाळा आठवते. भामरागडच्या घरी आम्ही दोघी दोन माहितीपत्रकं पसरून बसलो होतो. गडचिरोलीत समाजशास्त्र, नुसत्या मार्कांवर प्रवेश. नागपूरले समाजकार्य, त्याले परीक्षा अन् मुलाखत. तिचा जीव नागपुरात. परीक्षा-मुलाखत दोन्ही देऊन आली, पण मीच म्हटलं, "पोरी, हातचं काऊन सोडते? गडचिरोलीत टीसी, कॉलेज सोडल्याचा दाखला, जमा करून टाक." तिनं केली. मग नागपूरच्या यादीत नाव लागलं, तीन दिवसांत मूळ टीसी मागितली. टीसी गडचिरोलीत अडकलेली, अन् इकडं भामरागडात पुलावरून पाणी, रस्ता बंद. रस्ता उघडला तोवर तिची जागा दुसऱ्याले गेली होती. "रडून राह्यली का वं?" "नाई मावशी, थकली." आता कोणी पोरीच्या प्रवेशाचं विचारलं, की मी चहा पाजते, सल्ला देत नाई.