मेंढ्यांच्या वाड्यावरून आलेली ओ

फाल्गुनातला मंगळवार, कांदा काढणीचे दिवस. घोड नदीकाठच्या वस्तीवर हजर: मी, दोन शिपाई, गावचे पोलीस पाटील आणि काठ्या घेतलेली निम्मी वस्ती. बेपत्ता: चार वर्षांची मुलगी. निवृत्त झालो तरी तो पंचनामा डोळ्यांपुढून हलत नाही.

उसाच्या पट्ट्यात बिबट्या नेहमीचाच. म्हणून मुलं अंगणात खेळताना शेजाऱ्यांचीही त्यांच्यावर नजर असते. एखादं दिसेनासं झालं की आई हाळी देते आणि एकेक घर ओ देतं. त्या दुपारी प्रत्येक घरातून 'न्हाई' असंच उत्तर आलं. मग ठाण्यात फोन आला, की उसालगत उतरलेल्या मेंढपाळांनी पोर पळवली. स्टेशन डायरीत नोंद करून आम्ही निघालो.

मेंढपाळांच्या वाड्यावरचे पुरुष कळप घेऊन लांब गेले होते. एकटी म्हातारी कोयता घेऊन, कोकरं झाकायच्या पालथ्या डालग्याला टेकून बसली होती. जमाव तिला ओढायच्या बेतात होता. शिपायांना मध्ये उभं केलं आणि मुलगी कुठे आहे, ते विचारलं.

"हितंच हाय. बांधावर बिबट्या व्हता. पोर कोकरांमागं आल्याली, म्हून डालग्याखाली घातली."

डालगं उचललं. कोकरावर डोकं ठेवून मुलगी गाढ झोपली होती. सभोवती मातीत पंजांचे ताजे ठसे होते. एक फेरा घालून ते उसात गेले होते. पाटलांनी टोपी काढली. काठ्या खाली आल्या. बिबट्या हातभरावरून फिरून गेला आणि ही बाई जागची हलली नव्हती.

"आजी, मंग हाळीला ओ का न्हाई दिली?" पाटलांनी विचारलं.

"दिली की, घसा बसंस्तवर. तुमी घरांचीच ओ ऐकता, राव."

ती ओ सगळ्यांच्या कानावर पडली होती. म्हातारी मेंढ्यांना हाकारतेय, असं समजून सगळ्यांनी सोडून दिली होती. कोणी काय पाहिलं, हे मी नोकरीभर विचारत आलो. कोणाला विचारायचं राहिलं, हे विचारायला त्या दिवशी शिकलो.

मुलीची आई पाया पडायला वाकली. म्हातारीने तिला धरलं.

"आमची नातवंडं बी हितंच खेळत्यात. त्यातलं एक दिसंना झालं, तर हाळी देशील?"

"देईन."

"काय नाव घिऊन?"

आईला एकाही नातवंडाचं नाव ठाऊक नव्हतं. आम्हालाही नाही.

यंदाही तो वाडा त्याच रानात उतरला आहे. त्या मुलांची नावं विचारून वस्तीवर घरोघरी सांगायचं काम अजून बाकी आहे.